घड्याळ, शाळा आणि किशोरवयीनांची झोप : धरणगाव व खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : किशोरवय, निद्रा, प्रमाणवेळ, सकाळचे सत्र, कनिष्ठ महाविद्यालय, खानदेश

प्रस्तावना

५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईतील राजभवनात झालेल्या शालेय शिक्षण विभागाच्या कार्यक्रमात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळेच्या वेळेचा प्रश्न उपस्थित केला. मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात आणि शाळेसाठी त्यांना भल्या पहाटे उठावे लागते, तेव्हा शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असा त्यांच्या सूचनेचा आशय होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, शासनाने परिपत्रक काढून पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरविले. महाराष्ट्रात शाळेची वेळ ठरविताना मुलांची झोप हे कारण अधिकृतपणे विचारात घेतले जाण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय. मात्र या निर्णयाची मर्यादा चौथीपाशी संपते. ज्या वयात सकाळी उठणे शरीराला सर्वाधिक जड जाते ते वय, म्हणजे साधारणतः तेरा ते अठरा वर्षांचे, या परिपत्रकाच्या बाहेरच राहिले.

किशोरवयीन मुलामुलींच्या अपुऱ्या झोपेची चर्चा सुरू झाली की बोट प्रथम मोबाईलकडे जाते. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने रात्र लांबविली हे खरेच आहे. परंतु झोपेला दोन टोके असतात. रात्रीचे टोक अलीकडे पुढे सरकले. सकाळचे टोक त्यापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षे थोडे थोडे अलीकडे ओढले जात होते, आणि ते ओढणारे हात प्रौढांचे होते. ही दुसरी प्रक्रिया धरणगाव व त्याच्या परिसराच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूर्य आणि घटिकापात्र

धरणगाव हे खानदेशातील जुन्या बाजारपेठांपैकी एक. सतराव्या शतकात येथील कापडाच्या व्यापारासाठी इंग्रजांनी वखार घातली होती आणि शिवकालात मराठ्यांच्या स्वाऱ्याही या पेठेवर झाल्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे ठाणे येथेच होते. पलटणीच्या आवारात दिनक्रम कसाही चालो, गावाचा दिवस मात्र सूर्यावरच चाले. चोवीस मिनिटांची एक घटिका, साठ घटिकांचे अहोरात्र, आणि बोलण्यात ‘दिवस कासराभर वर आला’ हे मोजमाप एवढ्यावर व्यवहार भागत असे.

ब्रिटिशपूर्व गावठी शाळा भल्या सकाळीच भरत, याविषयी दुमत नाही. ए. डी. कॅम्पबेल या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये बेल्लारी जिल्ह्यातील शाळांचे जे वर्णन केले आहे, त्यात शाळा सहाच्या सुमारास भरत असल्याचा उल्लेख आहे. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाचे चिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहिले जाई, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढले जाई, आणि तिसऱ्यापासून पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक छडी वाढत जाई. लवकर उठण्याचे बक्षीस आणि उशिरा उठण्याची शिक्षा यांची इतकी नेमकी श्रेणी आजच्या उपस्थितीपत्रकातही आढळणार नाही.

तेव्हा ‘पूर्वीची मुले पहाटे उठतच होती’ हा शिक्षकवर्गात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद चूक नाही. तो अर्धवट आहे. ते सहा सूर्याचे सहा होते. दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत घर निजत असे, कारण गोडेतेलाचा दिवा जाळणे खर्चाचे होते. शिवाय या शाळांत बसणारी मुले बहुधा सहा ते बारा वर्षांची असत. सोळा वर्षांचा मुलगा तोपर्यंत शेतात, दुकानात किंवा कारकुनीत रुजू झालेला असे आणि त्या वयाच्या मुलीचे लग्न होऊन तिची पहाट सासरच्या जात्यावर उजाडत असे. जात्यावरच्या ओवीचे आपण साहित्य म्हणून कौतुक करतो. ती गाणाऱ्या मुलीच्या वाट्याला झोप किती आली असेल, याचा विचार सहसा होत नाही.

लवकर निजून लवकर उठण्याचे माहात्म्य सांगणारी जी मराठी ओळ शाळेच्या भिंतींवर रंगविलेली असते, तीही मूळची इथली नसून इंग्रजी म्हणीच्या वळणावर बेतलेली आहे. तिच्या पूर्वार्धात लवकर निजण्याची अट आहे. उत्तरार्ध तेवढा शाळांनी उचलला.

१९०६ : एकोणचाळीस मिनिटांचा प्रश्न

रेल्वे आल्यावर प्रत्येक गावचा वेगळा सूर्य चालेनासा झाला. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे धरणगावलाही स्थानक मिळाले. गाड्यांची वेळापत्रके मद्रासच्या वेळेवर चालत. ही वेळ ग्रिनिचपेक्षा ५ तास २१ मिनिटांनी पुढे होती, तर धरणगावच्या सूर्याची वेळ साधारण ५ तास १ मिनिटाने. म्हणजे स्थानकातले घड्याळ गावापेक्षा वीस मिनिटे पुढे असे. गाडी पकडणाऱ्यापुरता हा फरक होता. शाळेत जाणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटांची. त्यामुळे शहराची घड्याळे एकोणचाळीस मिनिटांनी पुढे न्यावी लागणार होती. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला होता आणि विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला होता. या वेळी विरोधाची पहिली ठिणगी सुशिक्षितांच्या सभेत पडली नाही. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात जेकब गिरणीतील कामगारांनी काम बंद पाडले. त्यांची तक्रार साधी होती : घड्याळ पुढे केल्याने आपल्याला रोज सुमारे चाळीस मिनिटे आधी कामावर यावे लागते. पुढे या प्रश्नाला राजकीय स्वाभिमानाचे रूप आले आणि मुंबई महानगरपालिकेने ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकवून धरला. परंतु प्रारंभीच्या त्या आठवड्यात गिरणी कामगारांनी जे ओळखले, ते अधिक महत्त्वाचे वाटते. घड्याळाचा काटा हलविणे म्हणजे कोणाच्या तरी झोपेतून वेळ काढून घेणे होय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

खानदेशात असा विरोध गाजल्याचे दिसत नाही. योगायोग असा की, १९०६ हेच खानदेश जिल्ह्याच्या विभाजनाचेही वर्ष होय. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव झाले, पश्चिम खानदेशचे धुळे. एका जिल्ह्याचे दोन झाले याची नोंद इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. याच वर्षी धरणगावचे घड्याळ सूर्याच्या एकोणतीस मिनिटे पुढे गेले, याची नोंद सहसा सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाणवेळ आणखी एका तासाने पुढे नेली होती. त्या तीन वर्षांत धरणगावच्या मुलाचे ‘सात’ हे सूर्याच्या हिशेबाने साडेपाचच होते.

युद्ध संपल्यावर तो तास परत मिळाला, एकोणतीस मिनिटे राहिली. त्यांचा आजचा अर्थ पाहावयाचा तर जानेवारीच्या मध्यावर येथे सूर्य सातनंतर पाच-दहा मिनिटांनी उगवतो. सकाळी सातच्या तासिकेला बसलेला विद्यार्थी सूर्योदयापूर्वी वर्गात असतो आणि बाहेरगावाहून एस. टी. ने येणारा तर त्याच्याही तासभर आधी फाट्यावर उभा असतो. कोलकात्यात त्याच दिवशी सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवलेला असतो. देशाच्या पश्चिम भागात सूर्यास्तही घड्याळाच्या मानाने उशिरा होतो. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील मुलांच्या वेळ-वापराच्या माहितीवरून दाखविले आहे की, सूर्यास्त एका तासाने उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. कारण मुले निजतात अंधाराच्या हिशेबाने, आणि उठविली जातात शाळेच्या घड्याळाने. एका प्रमाणवेळेने देश जोडला हे निर्विवाद. त्याची किंमत देशाच्या सर्व भागांनी सारखी मोजली नाही.

गिरणीचा कायदा आणि शाळेचे वेळापत्रक

१८७० च्या दशकात जळगावात खानदेश मिल आणि पुढे अमळनेरला प्रताप मिल सुरू झाली. भोंग्याने उठणारी पहिली पिढी या दोन गावांत घडली. पण गिरणीच्या इतिहासात मुलांच्या रात्रीबाबत एक गोष्ट घडली, जी शाळेच्या इतिहासात घडली नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. १८९१ च्या कायद्याने वयाची मर्यादा नऊ ते चौदा अशी केली, कामाचे तास सातवर उतरविले आणि रात्री आठ ते पहाटे पाच या वेळेत मुलांकडून काम घेण्यास मनाई केली. लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ या कायद्यांमागे होता, ही टीका त्या काळीही झाली आणि ती निराधार नव्हती. तरीही मुलाच्या रात्रीला कायद्याचे कुंपण लाभले ते असे.

हे कुंपण पुढे रुंदच होत गेले. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘किशोरवयीन’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. या कायद्याच्या सातव्या कलमानुसार किशोरवयीन कामगाराकडून संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम करून घेता येत नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला सकाळी साडेसातला दुकानात उभे करणे हा गुन्हा आहे. त्याच मुलाला सातला बाकावर बसविणे हे वेळापत्रक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाचे कामकाजाचे दिवस आणि अध्यापनाचे तास निश्चित केले, तेही आठवीपर्यंतच. घड्याळातील कोणत्या वेळी शाळा भरावी, याविषयी तो कायदा मौन पाळतो.

शिक्षणाच्या प्रसाराची भली बाजू येथे विसरून चालणार नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात अध्यापन करणारे साने गुरुजी तेथील छात्रालयाचे व्यवस्थापकही होते. खानदेशातील खेड्यांतून आलेल्या मुलांची आवराआवर, अंथरुणे गोळा करण्यापर्यंत, ते स्वतः करीत असे सांगितले जाते. अशी छात्रालये मोजक्या मुलांपुरती होती. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षण खेड्यापाड्यांतून पसरले, विद्यार्थी वाढले, वर्गखोल्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. इमारत एक आणि शाळा दोन, अशी सत्रपद्धती रूढ झाली. १९७५ मध्ये १०+२+३ आकृतिबंधानुसार अकरावी सुरू झाली, तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयांना बहुतेक ठिकाणी स्वतःची वास्तू मिळाली नाही. ती हायस्कूलला किंवा वरिष्ठ महाविद्यालयाला जोडली गेली आणि मोकळ्या राहिलेल्या वेळेत, म्हणजे सकाळी सात-साडेसातला, भरू लागली. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला सकाळची वेळ मानवते असा कोणताही शैक्षणिक विचार या व्यवस्थेमागे नव्हता. खोल्या तेव्हाच रिकाम्या होत्या. पुढे शिकवणी वर्गांनी त्याही आधीची वेळ घेतली, आणि दुपारनंतर शेतात किंवा दुकानात हात लावणाऱ्या मुलांना सकाळचे सत्र सोयीचे वाटते हे कारण नंतर जोडले गेले. ते कारण खोटे नाही, पण ते नंतरचे आहे.

उन्हाळा आणि रात्रीची वीज

खानदेशात या प्रश्नाला हवामानाची एक अवघड बाजू आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि म्हणून उन्हाळ्यात ‘सकाळची शाळा’ ही येथील जुनी व समंजस प्रथा आहे. भर दुपारी पत्र्याच्या छताखाली मुले बसवावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो उन्हाळा शाळा अलीकडे ओढतो, तोच झोप पलीकडे ढकलतो. पूर्वीच्या धाब्याच्या घरांत उन्हाळ्याच्या रात्री सर्व कुटुंब धाब्यावर निजत असे. मातीचे धाबे रात्री लवकर निवत असे. सिमेंटच्या स्लॅबची घरे दिवसभराची उष्णता धरून ठेवतात आणि मध्यरात्रीनंतर कोठे डोळा लागतो. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाच्या पदरी मग साडेचार-पाच तास पडतात.

दुसरी बाब विजेची. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात पंप सुरू करण्यासाठी बापाबरोबर किंवा बापाऐवजी शेतात जाणारा मुलगा सकाळी वर्गात पेंगतो, तेव्हा त्याचे कारण हजेरीपटावर दिसत नाही. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचे लाभ सिंचनाच्या आणि खर्चाच्या भाषेत मांडले जातात. विद्यार्थ्याच्या झोपेच्या भाषेत ते अद्याप कोणी मांडलेले नाहीत. मुलींची गोष्ट आणखी निराळी. नळाला काही दिवसांआड, आणि येईल त्या वेळी, पाणी येणाऱ्या गावांत ते भरण्यासाठी उठविली जाते ती बहुधा घरातील मुलगी, तिचा भाऊ नव्हे.

देहाचे घड्याळ

किशोरवयीन मुले आळशी असतात या समजुतीला शास्त्रीय उत्तर मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. मेरी कार्स्काडन या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे उन्हाळी शिबिरांत मुलांच्या झोपेचे वर्षानुवर्षे मापन केले. मुले मोठी होताना त्यांची झोपेची गरज घटत जाईल अशी अपेक्षा होती. पौगंडावस्थेतही ती नऊ तासांच्या आसपास कायम राहते, असे आढळले. पुढे ब्राऊन विद्यापीठातील अभ्यासातून दिसून आले की, वयात येताना झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. देहाचे घड्याळ एक-दोन तास मागे पडते आणि तरुणपणी पुन्हा सावरते.

त्यांचा १९९८ चा अभ्यास शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. नववीत ८.२५ ला शाळा असलेली मुले दहावीत ७.२० च्या शाळेत गेली. शाळा तासाभराने अलीकडे आली म्हणून ती रात्री तासभर आधी निजू लागली नाहीत. त्यांची झोप तेवढी घटली. सकाळी साडेआठला झोपेची चाचणी घेतली, तेव्हा त्यांपैकी जवळपास निम्मी मुले काही मिनिटांतच स्वप्नावस्थेच्या झोपेत शिरली. ‘रात्री लवकर झोपा म्हणजे सकाळी जाग येईल’ हा उपदेश या वयाच्या शरीराला पाळणे कठीण असते ते असे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांसाठी आठ ते दहा तास झोप आवश्यक ठरविली. त्याआधी, २०१४ मध्ये, तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली; विद्यार्थ्यांची रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. मुले मिळालेला तास जागण्यात घालवतील, ही शंका तेथे खरी ठरली नाही.

कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून १ जुलै २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आत भरविण्यास बंदी घातली. फ्लोरिडानेही २०२३ मध्ये तसाच कायदा केला, परंतु तो अमलात येण्यापूर्वीच २०२५ मध्ये त्याची सक्ती काढून टाकली. अडचण सांगितली गेली ती मुख्यतः बसगाड्यांची आणि चालकांची. एस. टी. च्या फेऱ्यांवर महाविद्यालयाचे वेळापत्रक बेतणाऱ्या आपल्याकडील प्राध्यापकांना ती परकी वाटू नये.

२०२४ नंतर

फेब्रुवारी २०२४ च्या परिपत्रकाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. दहा वर्षांच्या आतील मुले स्वभावतः लवकर निजतात आणि लवकर उठतात; त्यांच्यासाठी नऊची मर्यादा घातली हे चांगलेच झाले. पण ज्या इमारतीत दोन सत्रे चालतात, तेथे चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर नेले की सकाळचे सातचे सत्र आपोआप वरच्या वर्गांच्या वाट्याला येते. खोल्यांच्या अभावी १९७५ मध्ये जे झाले, तेच लहानांच्या झोपेसाठी मोठ्यांच्या बाबतीत पुन्हा होण्याचा धोका आहे. परिपत्रकाने अपरिहार्य अडचणीत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागण्याची वाट ठेवली, ती संस्थांसाठी. नववी-दहावीच्या किंवा अकरावीच्या विद्यार्थ्याला अशी कोणतीही वाट नाही.

त्यानंतर २८ मार्च २०२५ रोजी वाढत्या उष्म्यामुळे राज्यातील सर्व शाळांसाठी उन्हाळ्याच्या समान वेळा जाहीर झाल्या : प्राथमिक सकाळी ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. उन्हापासून संरक्षण हा त्यामागील हेतू खानदेशाला तरी पटवून देण्याची गरज नव्हती. मात्र प्राथमिक आणि माध्यमिक यांच्या वेळांत जो फरक करण्यात आला, तो शाळा सुटण्याच्या वेळेत, अर्ध्या तासाचा. भरण्याची वेळ सहा वर्षांच्या मुलासाठी आणि सोळा वर्षांच्या मुलासाठी एकच राहिली. धरणगावच्या सूर्याप्रमाणे ती साडेसहाची होती.